पाहिल्याशिवाय लिहायचं नाही

"नका लिहू तो प्रश्न, आत्या."

"काल पुसला होता की कोणीतरी. परवाही पुसला होता. मी परत लिहिला."

"म्हणून तर म्हणते. पुसणारे दमायचे नाहीत. तुम्ही दमाल."

"दमल्यावर बघू. खडू दे इकडे."

प्रतिभाने खडू दिला नाही. मूठ आवळून तिने हात पदराखाली घेतला. पण लंकाबाईच्या कमरेच्या पिशवीत खडूंना काय तोटा. तिने दुसरा काढला, फुंकर मारली आणि फळ्याच्या तळाला, जिथे ओल्या फडक्याचा डाग अजून वाळला नव्हता, तिथेच लिहिलं: सावळीराम कुठे आहेत?

खांबमळ्याच्या चौकात तालमीच्या भिंतीवर रंगवलेला तो काळा फळा. वर झेंडूचा भाव, त्याखाली भारनियमनाच्या वेळा, त्याखाली रेशनला तांदूळ आला की नाही. हे सगळं जसंच्या तसं होतं. पुसणाऱ्याने तेवढी एकच ओळ नेमकी पुसली होती, कोपऱ्याकोपऱ्यातून, भांडं घासावं तशी.

"सगळं गाव म्हणतंय, सावळीरामबाबा बहिणीकडे गेलेत पिंपळगावला," प्रतिभा म्हणाली.

"बहीण म्हणते आला नाही."

"मग देवदर्शनाला गेले असतील कुठे."

"घोंगडी जांभळीवर वाळत टाकून? पावसाळा असो, उन्हाळा असो, ती घोंगडी त्यांच्या खांद्यावरून हलायची नाही."

प्रतिभाने इकडेतिकडे पाहिलं. चौकात कोणी नव्हतं. तरी तिने आवाज खाली आणला.

"आत्या, हे तुमच्या जिवावर बेतेल."

"कोणी सांगितलं?"

त्यावर प्रतिभा झाडू शोधायला लागली. फळ्याखालची जागा कालच झाडलेली होती.

लंकाबाई ताजणे म्हणजे खांबमळ्याची मास्तरीण आणि खांबमळ्याची बातमीदार, दोन्ही एकाच लुगड्यात. प्रतिभा तिच्या भाच्याची, रविराजची बायको. साल दोन हजार सात, चैत्र नुकताच सरला होता. सातपूरचे कारखाने एका अंगाला, गोदावरी दुसऱ्या अंगाला आणि मधल्या पट्टीत झेंडू, शेवंती, मेथी पिकवणारे माळ्यांचे मळे. शहर रोज थोडं थोडं जवळ सरकत होतं. रात्री निजताना जो दिवा लांब वाटायचा, तो सहा महिन्यांनी अंगणात आल्यासारखा वाटायचा.

लंकाबाई मूळची इथलीच, तुळशीराम जेजुरकरांची लेक. सातवी झाली, लगेच मालेगावला दिली. नवरा यंत्रमाग दुरुस्त करायचा. वर्षभरात त्याने घरात दुसरी आणली आणि लंकाबाईला सांगितलं, तूही राहा, जागा आहे. ती राहिली नाही. बापाने मळ्याच्या बांधावर तिला येताना पाहिलं, एक शब्द विचारला नाही, नुसतं म्हणाला, पाणी द्यायचंय शेवंतीला, वाफ्यांची दारं धर. तेवढ्यावर तिचं सासर संपलं. नवऱ्याचं नाव मात्र कागदाकागदाला चिकटून राहिलं. मतदारयादीत ताजणे, रेशनकार्डावर ताजणे. पुढे नाशिकच्या एका दैनिकाने तिला वार्ताहर म्हणून ओळखपत्र दिलं, त्यावरही ताजणेच. भावाची बायको बाळंतपणात गेली आणि तिचं पोर लंकाबाईच्या मांडीवर आलं. तो रविराज. तिने त्याला वाढवलं, पहिलं अक्षर त्याने तिच्याच तळहातावर गिरवलं.

साक्षरतेच्या मोहिमेचे दिवस होते तेव्हा वस्तीवर कोणी शिकवायला टिकेना. बाया म्हणायच्या, हार ओवायचे की अक्षरं. लंकाबाईने दोन्ही एकत्र केलं. फळा आधी तालमीतल्या पोरांचा होता. क्रिकेटचा स्कोअर आणि मयताच्या वेळा, एवढंच त्यावर असायचं, तेही वेडंवाकडं. एका सकाळी तिने तो पुसला, झेंडूचा बाजारभाव ठसठशीत लिहिला आणि खाली बसून हार ओवायला लागली. बायांना भाव हवा होता. ती सांगेना. वाच, म्हणे. ज्या बाईला एक ओळ वाचता येईल तिनेच टोपली उचलून फुलबाजाराची बस धरायची, असा तिचा नियम. सुलाबाई पहिल्या दिवशी भर उन्हात तिथेच बसून राहिली, बस गेली, फुलं कोमेजली, तिने लंकाबाईच्या सात पिढ्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी भाव वाचून दाखवला.

असं करता करता खांबमळ्याच्या बायका लिहायला शिकल्या. एकाच हाताखाली शिकल्या, म्हणून सगळ्यांचं वळण एकच झालं. किराणा दुकानाची पाटी असो, बचतगटाचा अर्ज असो की शाळेतल्या पोराच्या वहीवर आईची सही असो, अक्षर लंकाबाईचंच वाटायचं. लोक कौतुकाने म्हणायचे, आख्खी वस्ती एका बाईच्या बोटांनी लिहिते.

दैनिकाचं ओळखपत्र मिळालं तेव्हा जिल्ह्यात वार्ताहर बाई म्हणून दुसरी कोणी तिला भेटली नाही. पहिल्यांदा महापालिकेच्या सभेला गेली तर दाराशी शिपायाने अडवलं. हातात टोपली पाहून म्हणाला, हार आत ठेवा मावशी आणि जा. ती म्हणाली, हार नंतर, आधी सत्कार कशाबद्दल करायचा ते ऐकून लिहून घेते. ही गोष्ट तिने नंतर इतक्यांदा सांगितली की बायका तिच्याआधी शेवट म्हणायच्या.

आणखी एक तिची पद्धत होती. मुलींच्या शाळेतल्या संडासाला कुलूप असायचं आणि कोणी काही बोलेना. तिने बातमी लिहिली नाही. फळ्यावर रोज एवढंच लिहायची: किल्ली कोणाकडे आहे? पहिले काही दिवस लोक हसले. मग विचारायला लागले. मग एका सकाळी कुलूपच नव्हतं. तेव्हा तिला कळलं की बातमी द्यायला पुरावा लागतो, प्रश्न लिहायला लागत नाही.

पण ज्या नियमासाठी फळ्याला लोक देवासारखं मानायचे, तो तिला सावळीरामने दिला.

सावळीराम म्हणजे सामायिक विहिरीचा राखणदार. चार भावक्यांची ती विहीर, सगळे मळे तिच्यावर. कोणाची पाळी कधी, मोटार कोणी चालवायची, कोण चोरून पाणी घेतं, हे सगळं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे, पाण्यातल्या सात देवींचे. त्यांच्यापुढे चपला घालून गेलेलं त्याला चालायचं नाही. दिवसभर जांभळीखाली बसून तंबाखू मळायचा. तंबाखू पानाच्या तुकड्यात, चुना दुसऱ्या तुकड्यात, दोन्ही मुंडाशात खोचलेले. बायकांचा वर्ग चालू असला की तो फळ्याकडे पाठ करून बसायचा. आपण बायांकडून शिकतोय असं कोणी म्हणायला नको. मधूनच ओरडायचा, "लंके, चुना संपला, तुझा खडू चालंल का?"

पंच्याण्णव साली त्याला साप चावला. सरकारी दवाखान्यात नेला. दुपारी सायकलवरून एक जण आला आणि म्हणाला, सावळीराम गेला. लंकाबाईने फळ्यावर निधनवार्ता लिहिली, कोपऱ्यात तिच्या रीतीप्रमाणे झेंडूचं फूल काढलं. पुरुषांनी बांबू आणले, तिरडी बांधायला घेतली. बहीण ठमाबाई पिंपळगावहून एसटीने रडत आली. आणि दिवेलागणीला रिक्षातून, पायाला एवढं मोठं बँडेज बांधून, सावळीराम उतरला. दवाखान्यात दुसराच कोणी सावळीराम वारला होता.

म्हातारा थेट फळ्यापुढे उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर, बोट ठेवून, आपली निधनवार्ता मोठ्याने वाचली. त्याला वाचता येतं हे लोकांना त्या दिवशी कळलं.

"'कष्टाळू', बरं. 'मनमिळाऊ'. हे मनमिळाऊ कोनी लिवलं?"

लोक हसून लोळले. ठमाबाईने त्याला रडता रडता दोन चापट्या मारल्या. लंकाबाईला तेवढं हसू आलं नाही. म्हाताऱ्याने ते पाहिलं. जवळ येऊन म्हणाला, "लंके, पुढच्या टायमाला येऊन बघ. हात लावून बघ. माझं तोंड पाहिल्याबिगर मला मारू नको."

त्या दिवसापासून खांबमळ्यात कोणी गेलं की लंकाबाई आधी त्या घरी जायची, मयताचे पाय शिवायची आणि मगच खडू हातात घ्यायची. कोणी कितीही मोठा माणूस सांगत आला तरी नाही. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. हळूहळू असं झालं की घरात मयत असलं तरी फळ्यावर आल्याशिवाय लांबचे नातलग निघायचे नाहीत, आणि फळ्यावर आलं की कोणी खात्री करायला यायचं नाही.

आदल्या वर्षी चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा लंकाबाईची बोटं सुजून केळ्यांसारखी झाली. खडू धरवेना. मग फळा प्रतिभाने सांभाळला. निफाडकडची पोर, सहावीत शाळा सुटलेली, लग्नानंतर लंकाबाईने तिला दहावीपर्यंत ओढली होती. बालवाडीवर लागली होती. अक्षर तर असं की लंकाबाईलाही आपण कधी लिहिलं असा संभ्रम पडावा. त्या आजारात एका दुपारी लंकाबाई अंथरुणावरून म्हणाली, "माझं लिहायची वेळ आली तर ताजणे लिहू नको. लंका तुळशीराम लिही. बापाचं नाव लाव मला." प्रतिभा म्हणाली, असलं बोलू नका. पण तिने ऐकलं होतं. ते घरातल्या घरात राहिलं. बाहेर कोणाशी बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि मग हा चैत्र.

चैत्रात खांबमळ्याचं झाडून सगळं माणूस सप्तशृंगी गडावर जातं. बायका, म्हातारे, तान्ही पोरं, ट्रकमध्ये बसून. वस्तीवर राखणीला एकटा सावळीराम राहायचा. त्याच्याने पायऱ्या चढवत नव्हत्या आणि आसरांना सोडून जायचं त्याच्या मनात यायचं नाही. यंदा रविराजही आला नाही. तो मुरूम वाहणाऱ्या डंपरवर चालक होता. पिंपळगावला शीतगृहाच्या पायाचं काम आहे, शेठ सुट्टी देत नाही, म्हणाला.

लोक गडावरून परतले तेव्हा विहीर नव्हती.

विहिरीच्या जागी सपाट जमीन होती. मुरूम दाबून, वर रोलर फिरवलेली. जांभळीपर्यंत चाकांचे रुतलेले माग. सावळीरामची झोपडी नाही, आसरांचे दगड नाहीत. फांदीवर तेवढी घोंगडी वाळत होती. आणि सबंध मळ्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या, चौकोनात चौकोन. लंकाबाईला पहिल्यांदा वाटलं, आपलाच फळा कोणीतरी जमिनीवर आडवा टाकलाय.

चौकशी केली तर कळलं की दोन भावक्यांनी जमीन कधीच विकली होती, विहिरीसकट. पाणी नाही म्हटल्यावर बाकीच्यांना विकणं भागच होतं. विकत घेणारा शेठ कधी दिसायचा नाही, त्याची माणसं दिसायची. लोक विहिरीवरून चार दिवस भांडले. मग एकेक जण गप्प होत गेला. सावळीरामचं काय, असं विचारलं की म्हणायचे, गेला असंल बहिणीकडं. कोणी पाहिलं जाताना? कोणी नाही. सगळं गाव तर गडावर होतं.

लंकाबाई पिंपळगाव बसवंतला गेली. ठमाबाई कांद्याच्या चाळीत निवडायला बसली होती. तिने लंकाबाईला पाहताच हातातला कांदा ठेवला आणि विचारलं, "या टायमाला पाहून आलीस का?" लंकाबाई म्हणाली, मी त्यांना शोधायला आलेय, मला वाटलं इथे असतील. म्हातारीने परत कांदा उचलला. म्हणाली, तर मग अजून रडत नाय.

चौकीवर सांगितलं, तर वयस्कर माणूस आहे, गेला असेल तीर्थाला, नातेवाइकांना पाठवा. ठमाबाईला घेऊन गेली, तर साहेब नव्हते. दैनिकाच्या कचेरीत टेबलावरचा माणूस चहा मागवून म्हणाला, ताई, सदराला बातमी लागते, प्रश्न छापता येत नाही. पुढच्या आठवड्यापासून खांबमळ्याचं सदरच बंद झालं. सावळीराम वारला असं लंकाबाई लिहू शकत नव्हती. तिने पाहिलं नव्हतं. जिवंत आहे असंही नाही. म्हणून तिने जे लिहिता येत होतं ते लिहिलं.

पहिल्या दिवशी ती ओळ कोणीतरी हाताने पुसली. मग फडक्याने. मग ओल्या फडक्याने. पांढऱ्या शर्टातला एक तरुण सकाळी मोटरसायकल फळ्यासमोर उभी करून बसायला लागला. वरपासून खालपर्यंत सगळं वाचायचा, मन लावून. एकदा लंकाबाईला म्हणाला, "अक्षर छान आहे, मावशी. बाकीचं असंच राहू द्या." आणि नमस्कार करून गेला. इतका नीट नमस्कार तिला वस्तीत कोणी करत नव्हतं.

वर्गाला येणाऱ्या बायका कमी होत गेल्या. सुलाबाईचे गुडघे दुखायला लागले. कोणाचं नातवंड आजारी, कोणाची सून बाळंतीण. हार घरीच ओवू, म्हणायच्या, आणि बोलताना फळ्याकडे पाहायच्या नाहीत. रविराज चौकातून येणंच सोडून मागच्या बोळातून यायला लागला. घरी आला की नळाखाली हात धूत बसायचा. आत्याने ताट वाढलं की म्हणायचा, बाहेर खाऊन आलो. एकदा त्याला ताप भरला तेव्हा लंकाबाई उशाशी बसली, तर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आत्या, तू जा. तू नको बसू." लहानपणी तापात तिचं बोट सोडायचा नाही तो.

प्रतिभा तेवढी रोज पहाटे ओंजळभर झेंडू घेऊन बुजवलेल्या विहिरीच्या जागी जायची. आसरांना वाहते, म्हणायची. त्यांची जागा मोडली, घरावर कोप नको. वस्तीतल्या बायांना ते पटलं. दोघीतिघी हळदीकुंकू तिच्याच हाती पाठवायच्या. लंकाबाईलाही त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

खडूवरून भांडण झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी लंकाबाई चुलीवर चहा टाकून बसली होती, तेव्हा गल्लीतून रडण्याचा आवाज आला. सुलाबाई पुढे, पदर तोंडात, मागे सात-आठ बायका, एकीच्या हातात हार, आणि त्यांच्यामागे खांद्यावर टॉवेल टाकलेले पुरुष. सुलाबाई उंबऱ्यात आली, आत पाहिलं आणि तिथेच बसली.

"काय गं, कोण गेलं?" लंकाबाईने विचारलं.

सुलाबाई गुडघ्यांवर सरकत पुढे आली, लंकाबाईच्या पायाला हात लावला, पाय दाबून पाहिला.

"फळ्यावर हाय, ताई," ती म्हणाली. "फळ्यावर हाय म्हनून आलो आम्ही."

"मग आता मी काय करू? आडवी होऊ?"

एरवी या वाक्याला सुलाबाईच पहिली हसली असती. ती हसली नाही. कोणीच हसलं नाही. दारातले लोक लंकाबाईकडे असे बघत होते, जणू चूक फळ्याची नसून तिची आहे. इतक्या वर्षांत फळा खोटं बोलला नव्हता. हारवाल्या बाईला हार कुठे ठेवावा सुचेना. तिने तो खुंटीला अडकवला. लोक पाय न वाजवता निघून गेले. त्या घोळक्यात रविराज नव्हता. प्रतिभाही नव्हती.

लंकाबाई चौकात गेली. सगळा फळा स्वच्छ पुसला होता. भाव नाही, भारनियमन नाही, प्रश्न नाही. मधोमध ठसठशीत अक्षरात दुःखद निधन. अक्षर तिचंच. कोपऱ्यात झेंडूचं फूलही तिच्याच रीतीचं. वस्तीतली कोणीही बाई असं लिहू शकली असती. तिनेच शिकवलं होतं सगळ्यांना. पांढऱ्या शर्टातला समोर बसला होता. आज त्याने नमस्कार केला नाही, नुसतं फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मोटरसायकलला किक मारली.

तिने नाव वाचलं. परत वाचलं.

श्रीमती लंका तुळशीराम जेजुरकर.

ताजणे नव्हतं. मतदारयादीत नाही, रेशनकार्डावर नाही, दैनिकात नाही, कुठेच नसलेलं ते नाव फळ्यावर होतं. आधी तिला बरं वाटलं. खरंच वाटलं. एवढ्या वर्षांनी बापाचं नाव लागलं होतं. भीती त्याच्यानंतर आली.

तिने फळा पुसला नाही. ती चालू लागली, मळ्याच्या दिशेला. चुन्याच्या रेषा दवाने थोड्या विरघळल्या होत्या. जांभळीच्या अलीकडे मुरमाची जमीन बाकीच्यापेक्षा किंचित खचलेली दिसली. एवढी नवी भरणी दबतेच. तिथे आजची फुलं होती, ताजी, पाण्याचे थेंब असलेली. हळदीकुंकू होतं. आणि फुलांच्या खाली, जरा झाकून, पानाचे दोन तुकडे. लंकाबाई खाली बसली. एक पान उलगडलं, मग दुसरं. तिने ते हुंगलं. मग बराच वेळ ती जमिनीवर तळहात टेकून तशीच बसली होती, मयताचे पाय शिवताना टेकायची तसा.

ती घरी आली तेव्हा प्रतिभा पडवीत बसून हार ओवत होती. लुगड्याचा काठ चिखलाने ओला होता.

"अक्षर छान आलंय," लंकाबाई म्हणाली.

सुई चालतच होती.

"बापाचं नाव लक्षात ठेवलंस."

सुई थांबली. प्रतिभाने दोरा तोडला, गाठ मारली, दुसरा दोरा ओवायला घेतला. तो सुईत जाईना.

"मी लिहिलं नसतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं, आत्या," ती म्हणाली. "आणि त्यांनी फळ्यावर केलं नसतं."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

"मी हात जोडले त्यांच्यापुढे. म्हटलं, एकदा मला समजावू द्या. माझ्या पद्धतीने सांगते, त्यांना फळ्यावरचंच कळतं. एकदाच म्हटलं. तुम्ही जिवंत आहात ना? खोटं लिहिलेलं पुसता येतं. एका हाताने पुसून होतं. पुसा आणि झेंडूचा भाव लिहा. एवढंच. बाकी मी काही मागत नाही."

"रविराजला माहीत आहे?"

"त्यांचं नाव घेऊ नका यात."

"मी वाढवलाय त्याला. नाव मीच ठेवलंय."

"म्हणूनच म्हणते." प्रतिभाने पहिल्यांदा मान वर केली. डोळे कित्येक रात्री न मिटल्यासारखे. "त्यांना सांगितलं होतं मागे घे, ओत, पुढे जा. सांगणारा शेठचा माणूस होता, हे नोकर माणूस. काही विचारलं नाही त्यांनी. तुमच्यासारखं प्रत्येक गोष्टीला विचारत बसलं तर डंपर चालवता येत नाही, आत्या."

नको तितकं बोलून झालं होतं, हे दोघींनाही कळलं. चुलीवरचा चहा कधीच आटला होता, त्याचा जळका वास येत होता. खुंटीवरचा हार वाऱ्याने भिंतीला घासत होता.

"रोज पहाटे तिथे फुलं ठेवतेस," लंकाबाई म्हणाली.

"आसरांना. माहीत आहे तुम्हाला."

"ठेव की. आसरा सात बहिणी, फुलं वाहावीत. हळदीकुंकू वाहावं, हिरव्या बांगड्या ठेवाव्यात, ओटी भरावी. आमच्या आईनेही भरली."

लंकाबाईने मूठ उघडली. तळहातावर पानाचे दोन तुकडे होते. एकात मळलेली तंबाखू, दुसऱ्यात बोटभर चुना.

"आसरांना तंबाखू कधीपासून लागते, प्रतिभा?"

प्रतिभाने तळहाताकडे पाहिलं. मांडीवरचा अर्धा हार बाजूला ठेवला, सुई दोऱ्याच्या रिळात नीट खोचली, सांडलेल्या पाकळ्या गोळा करून टोपलीत टाकल्या. मग उठली, चपला पायात सरकवल्या, आणि आत्याकडे न बघता मागच्या बोळाने निघून गेली.